मिस्त्रीचाचांची तौबा

आमच्या मिस्त्रीचाचांच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं. माणसांशी बोलताना नाही आणि अल्लामियाशी बोलतानाही नाही. पहाटेची फजरची नमाज पढून मशिदीतून आले की अंगणात उभं राहून आभाळाकडे बघत मोठ्यानं म्हणायचे, "आमी उठलो बाबा, तू उठलास का? मंग जरा वारा सोड. नाखवाची होडी कवाची अडकून पडलीय." नवखा माणूस हे ऐकून कानांवर हात ठेवायचा. मी त्या घरात सून म्हणून आले तेव्हा मीही ठेवले होते. आतून चाची ओरडायची, "तौबा करा, तौबा!" आणि चाचा म्हणायचे, "अगं, मी माज्या दोस्ताशी बोलतोय. तू कशाला मधी पडतंस?"

नात्यानं ते माझ्या नवऱ्याचे चाचा. सासूसासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले, नवरा आगबोटीवर खलाशी, वर्षातून एकदा घरी येणारा पाहुणा. त्यामुळे माझे सासूसासरे म्हणजे चाचा आणि हलीमाचाचीच. रेवदंड्याच्या खाडीवर आमचा मोहल्ला, त्याला लागून कोळीवाडा. चाचा होड्या बांधायचे. खाडीतल्या निम्म्या होड्या त्यांच्या हातच्या, म्हणून सगळा मुलूख त्यांना मिस्त्री म्हणायचा. मी मराठी चौथी शिकलेली आहे हे कळल्यावर त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "सूनबाय, तू शिकलेली, मी अडाणी. पन मासळीचा रस्सा बिघडवलास तर मी तुजी चौथी बघनार न्हाय."

चाची अगदी उलट. तिला सगळ्याची भीती. पहिलीवहिली मुलगी, फातमा, गोवरानं गेली. त्यानंतर मूल झालं नाही, आणि चाचीनं मनाशी धरून ठेवलं की आपलं कुठंतरी काहीतरी चुकलं. ती पाच वेळा नमाज पढायची, सक्ती नसलेले नफिली रोजेही धरायची, फकिराला रिकामं पाठवायची नाही. कयामतच्या दिवशी फातमा जन्नतच्या दारात उभी राहून आपल्याला हात धरून आत नेणार, असं मला कितीदा सांगायची. "तुज्या चाचांला पन नेल," म्हणायची, "पन त्यांनी जीभ आवरली तर." दोघं दिवसभर भांडायची. पण चाचा कामावरून यायच्या आधी ती कधी जेवली नाही. मी म्हणायचे, जेव गं चाची, त्यांना उशीर होणार. ती म्हणायची, "येकटीला घास जात न्हाय गं माजे बाय."

मोहरमात आमच्याकडे ताबूत बसायचा. तो चाचाच बांधायचे, खोतांच्या ओसरीवर. सागाची चौकट, बांबूच्या कामट्या, वरून रंगीत कागद आणि अभ्रक. कोळणी नवस बोलायच्या, मूल झालं की ताबुताखालून काढून न्यायच्या. शेवटच्या दिवशी खाडीपर्यंत नेताना चारातला एक खांदा हिरोजी नाखवाच्या घरचा, हे ठरलेलं. तो मान कुणी दिला, कधी दिला, कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. कुणी बाहेरगावचा पाहुणा म्हणालाच की मिस्त्री, हे कुराणात कुठं लिहिलंय, तर चाचा म्हणायचे, "होडी कशी बांधायची ते तरी कुटं लिहिलंय? म्हनून काय पोहत जाताव?"

मग मौलवीसाहेब आले. खिलाफतीच्या सभा मुंबईत गाजून विरल्या होत्या, त्यातले हे, उत्तरेकडचे. त्यांना आणलं आमच्याच मोहल्ल्यातल्या शेठनी. शेठची मुंबईत दुकानं होती आणि आता त्यांना लोकल बोर्डात जायचं होतं. मुसलमानांची जागा वेगळी, मतं देणारेही मुसलमानच. समोर उभे आमचे म्हातारे खोत, ज्यांच्या ओसरीवर ताबूत बसायचा. शेठनी बरोबर हिशेब केला. ताबूत हराम ठरला की खोत कच्चे मुसलमान ठरतात, आणि कच्च्या मुसलमानाला मत देऊन कोण आपली मेल्यानंतरची आखिरत बिघडवील? शेठ स्वतः फजरला कधी मशिदीत दिसले नाहीत, हे लिहिते आणि पुढं जाते.

मौलवी मात्र लबाड नव्हते. लबाड असते तर किती बरं झालं असतं, काही देऊन घेऊन मिटवता आलं असतं! ते चटईवर झोपत, एक वेळ जेवत, शेठच्या घरचं गोडधोड गरिबांच्या पोरांना वाटत. जे बोलत ते त्यांना मनापासून खरं वाटत असे. पीराला चादर घालणं शिर्क, म्हणजे अल्लाच्या जोडीला दुसरा देव मानणं; लग्नातली हळद शिर्क, बायांची गाणी हराम, कोळ्याच्या होडीला नारळ फोडताना नुसतं जवळ उभं राहणंही गुनाह. तरणी पोरं भारली. सहा महिन्यांत मोहल्ल्यातली ढोलकी बंद झाली. काल खांद्यावर हात टाकून चालणारे लोक एकमेकांची दाढी मोजायला लागले. तिकडे कोळीवाड्यातही कुणी शहरी हिंदू टोपीवाले येऊन भाषण करून गेले, की थडग्यांपुढं काय वाकता, तुमचे देव मेलेत का? त्यामुळे तिकडूनही पावलं कमी झाली. दोन्हीकडच्या शहाण्यांनी मिळून काम सोपं केलं.

त्या थंडीतला तो जुम्मा. बाया मशिदीत नव्हत्या, पण मशीद आमच्या अंगणापासून हाकेवर आणि झालेलं बोलणं तासाभरात गावभर. मौलवींनी खुत्ब्यानंतर, जुम्म्याच्या प्रवचनानंतर, सांगितलं की जो ताबूत बांधतो त्याची नमाज अल्ला तोंडावर फेकून मारतो. सगळे माना खाली घालून बसलेले. चाचा मागच्या ओळीतून उठले आणि म्हणाले, "असं हाय काय? मंग माजी इतक्या वर्सांची नमाज मला परत द्या मौलवीसाब. तेवड्या येळात मी आनखी धा होड्या बांधल्या असत्या."

अर्धी मशीद हसली. चाचांना वाटलं, झालं, रोजच्यासारखं. मौलवी हसले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "मिस्त्री, हे तू नमाजबद्दल बोललास?" चाचा म्हणाले, "व्हय, माज्याच नमाजबद्दल." तिथल्या तिथे मौलवींनी मसला, धर्माचा नियम, सांगितला. नमाजची थट्टा करणारा दीनमधून, धर्मातून बाहेर. दीनमधून बाहेर, म्हणजे निकाह तुटला. हलीमा आजपासून त्याला परकी बाई. पुन्हा मुसलमान व्हायचं असेल तर जमातीसमोर तौबा करायची, कलमा पढायचा, ताबूत आपल्या हातानं मोडायचा, आणि मग निकाह नव्यानं.

चाचा हसत हसत घरी आले. "ऐकलंस का गं, आपलं लगीन मोडलं! आता मला नवी बायकू बघ." पण चाचीपर्यंत बातमी त्यांच्या आधी पोचली होती. ती चुलीपाशी पदर डोळ्यांपर्यंत ओढून, भिंतीकडे तोंड करून उभी होती. त्यांनी हाक मारली, ती वळली नाही. मला म्हणाली, "बाय, त्यांला सांग, भायेर बसा म्हनावं." मला आधी वाटलं रुसली. अहो, कसली रुसते! परक्या पुरुषासमोर उभं राहावं तशी उभी होती.

त्या दिवशी माजघरात शिडाच्या जुन्या कापडाचा पडदा लागला. चाची पडद्याआड, चाचा ओटीवर, आणि मध्ये मी. "बाय, त्यांला इचार, आंगोळीला पानी तापवू का?" चाचा मुद्दाम मोठ्यानं, "सूनबाय, त्या बाईला सांग, परक्या बाईनं तापवलेलं पानी मला चालत न्हाय." पडद्याआड रडणं सुरू. मग चाचा हळूच, "बरं, तापव म्हनावं." एवढी वर्षं एका ताटात जेवलेली माणसं, आणि भाजीत मीठ कमी पडलं हेसुद्धा मी इकडून तिकडे सांगायचं! कधीकधी मला हसू यायचं आणि त्याच वेळी पडदा टराटरा फाडावासा वाटायचा.

एकदा अंगणात काम करताना लाकूड तासायची वाकस निसटली आणि चाचांचा अंगठ्याजवळचा पंजा फाटला. ते ओरडले तशी चाची धावत आली, पार पडद्यापर्यंत. तिथं थबकली. हात पडद्याबाहेर आला, त्यात फाडलेली चिंधी आणि हळद. "बाय, तू बांध गं. घट्ट बांध. मला हात लावता येत न्हाय." चाचा रक्तानं भरलेला हात पुढं धरून उभे होते. म्हणाले, "हलीमा, येक डाव ये." ती आली नाही. तो पडद्याबाहेरचा तिचा हात अजून माझ्यासमोर आहे, कोपरापर्यंत पदरात गुंडाळलेला, बोटंही दिसू नयेत म्हणून धडपडणारा.

त्या संध्याकाळी ती पडद्याआडून त्यांच्याशी सरळ बोलली, पहिल्यांदा. "बोला की तौबा. दोन शबूद हायत. तुमची जीब झिजल काय?"

चाचा नेहमीसारखे उसळले नाहीत. हळू बोलले. "दोन शबूद न्हायत गं. मी मुसलमान नव्हतो हे कबूल करायचं हाय. इतकी वर्सं ताबूत बांधला, म्हंजे इतकी वर्सं मी काफर. मंग माज्या आईचा जनाजा कुनी पढला? फातमाला मी मातीत ठेवली, ती कुनाच्या हातची माती? बोल. ती पोर मंग काय हरामाची झाली?"

चाचीनं दोन्ही कान झाकून घेतले असणार; बांगड्या वाजल्या. "तिचं नाव नका घेऊ," एवढंच म्हणाली. तिची भीतीसुद्धा फातमाचीच होती. हा माणूस काफर म्हणून मेला तर फातमा दारातून एकटीलाच आत नेणार, बाप बाहेर. आणि तिच्या लेखी आपण परक्या पुरुषाच्या घरात राहिलो तर आपल्यालाही बाहेरच. मी तिला खूप समजावलं. तिनं मला विचारलं, "तू मौलवींपेक्षा शिकलीस काय गं?"

मग चाचीचे दोघे भाऊ आले, हबसाणातून, नवाबाच्या मुलखातल्या दिघीहून. मौलवींनीच निरोप धाडला होता. परक्या माणसाच्या घरात आमची बहीण ठेवणार नाही म्हणाले. होडीत बसताना चाचीनं मला सांगितलं, "त्यांच्या कालवनात तिखट कमी टाक, पोटात आग व्हते." चाचा धक्क्यावर आले नाहीत. आपल्या अर्धवट होडीत बसून राहिले. त्यांना खात्री होती की ती आठ दिवसांत परत येईल. "तिला येकटीला घास जात न्हाय," म्हणाले. ती आली नाही. तिकडे इद्दतीला, निकाह संपल्यावर बाईनं घरात बसून काढायच्या मुदतीला, बसली होती, नवरा जित्ता असून.

इकडे जमातीनं वाळीत टाकलं. सलाम नाही, मशिदीच्या विहिरीवर पाणी नाही, मेलात तर जनाजा नाही. मलाही सांगायला बाया आल्या, की तू माहेरी जा, काफराच्या घरात राहू नकोस. मी त्यांना जे बोलले ते छापण्यासारखं नाही. मुसलमानांची कामं थांबली. कोळ्यांच्या होड्या होत्या, पण हिरोजी नाखवाशिवाय कुणी फिरकेना. चाचा मशिदीत जाऊ शकत नव्हते, म्हणून खाडीच्या काठावर वाळूत नमाज पढायचे. पोरं लांबून खडे मारायची. आभाळाशी मोठ्यानं बोलणं मात्र बंद झालं होतं.

उन्हाळ्यात मोहरम आला. खोतांनी भिऊन ओसरी नाकारली. मी म्हटलं चाचा, एक वर्ष राहू द्या. ते म्हणाले, "आता थांबलो तर त्यांचं खरं झालं." आमच्याच अंगणात एकट्यानं बांधायला घेतला. त्यांच्या हातून इतका देखणा ताबूत कधी झाला नव्हता. चौकटीत एक खिळा नाही. सगळे सांधे एकात एक बसवलेले, वर लाकडी खुंट्या. बघायला कोणी नव्हतं. खांद्याला नाखवा येतो म्हणाला होता, बाकी तीन खांदे कुठून आणणार ते चाचांनाच ठाऊक.

ताबूत उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाखवीण धावत आली. तिचे भाऊ दिघीला मासळी घालायचे, त्यांनी बातमी आणली होती. हलीमाचाची तापानं फणफणलीय, अन्न सुटलंय, आणि सारखी विचारतेय, मिस्त्रीनी तौबा केली का?

चाचा मला म्हणाले, "मौलवीला बोलव." बस. कसला विचार नाही, वाद नाही. आई, फातमा, इतक्या वर्षांची नमाज, सगळं तिथंच जमिनीवर ठेवून दिलं त्यांनी. मी पळत गेले.

सगळी जमात अंगणात जमली. शेठही मुंबईहून आलेले होते, पुढं खुर्ची टाकून बसले. चाचांनी तौबा केली. मौलवी जसे सांगत तसे म्हणत गेले. मी गुमराह होतो, मी दीनमधून गेलो होतो. कलमा पढला. आवाज इतका बारीक, की शेठ म्हणाले, "मागच्यांना ऐकू आलं नाही, पुन्हा." त्यांनी पुन्हा म्हटलं. मौलवींच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी चाचांना मिठी मारली. म्हणाले, "आता ताबूत मोड, आणि मी स्वतः तुझ्याबरोबर दिघीला येऊन निकाह पढतो." हिरोजीनं होडी तयार ठेवली होती. दुपारच्या भरतीला निघायचं होतं. आमच्या धक्क्यापाशी ओहोटी लागली की नुसता चिखल, होडी हलत नाही.

कुणीतरी चाचांच्या हातात कुऱ्हाड दिली. त्यांनी ती बाजूला ठेवली, आत जाऊन लाकडी हातोडा आणला आणि खालची पहिली खुंटी ठोकून सैल करायला बसले.

दुसरी खुंटी निघाली, तिसरी निघाली. कागद त्यांनी फाडला नाही, सोडवला आणि गुंडाळून ठेवला. कामट्यांचा काथ्या गाठ गाठ सुटत होता. जमात उभी राहून बघत होती. हुकूम मोडल्यासारखं काही नव्हतं, ताबूत खाली येतच होता. भरती चढली, भरून आली. मी ओरडले, "चाचा, पाणी उतरायला लागेल, घाव घाला एक!" ते वर न बघता म्हणाले, "झालं, झालं. सांधा न सोडवता वढला तर लाकूड फाटतं गं." खरंच सांगते, तो हट्ट नव्हता. हाताला दुसरं येतच नव्हतं. नवी चौकट असो, जुनी नाव असो, त्यांनी आयुष्यात सोडवलंच होतं, फोडलं कधी नव्हतं. शेवटची खुंटी निघाली तेव्हा साग ओळीनं रचून ठेवला होता आणि धक्क्यापुढं चिखल उघडा पडला होता.

आम्ही रात्रीच्या भरतीला निघालो आणि उजाडून गेल्यावर दिघीला पोचलो. चाची पहाटे गेली होती.

मला बायांनी आत नेलं. चाचा दारात आले तसा थोरला भाऊ आडवा आला. "निका पढला न्हाय. तुमी गैर हाव, परके. तोंड बघता येनार न्हाय." चाचा मौलवींकडे वळले. जवळजवळ दिवसभर, रात्रभर तो माणूस त्यांच्या शेजारी बसून होता, होडीत त्यांना थंडी वाजली तर आपली शाल दिली होती त्यानं. चाचा म्हणाले, "तुमी सांगा की यांला." मौलवींनी मान खाली घातली. "मसला यही है, मिस्त्री. सब्र करो."

आत मी चाचीला आंघोळ घातली. दिघीच्या बायांनी सांगितलं, शेवटपर्यंत दाराकडे तोंड करून पडली होती. त्यांनीच तिला सांगितलं होतं की येतायत, येतायत. बाहेर चाचा अंगणात उन्हात उभे होते. कफन बांधून झाल्यावर जनाजा निघाला, आणि खांदा मात्र द्यायला मिळाला त्यांना. तौबा केली होती ना, आता ते मुसलमान होते.

पुढचं इथंच सांगून टाकते. शेठ बोर्डावर निवडून आले. सभांमधून चाचांचं उदाहरण देत, की बघा, भटकलेला माणूस कसा वाटेवर येतो. त्यांना पहिल्या ओळीत बसवत. ताबूत गेला, खांद्याचा मान गेला, तसं हिरोजी नाखवाच्या घरचं कुणी नंतर आमच्या दारात आलं नाही. त्यांनी आपला वेगळा उत्सव सुरू केला, आणि तो मशिदीवरून वाजत गेला तेव्हा दोन्हीकडची डोकी फुटली. चाचा पाच-सहा वर्षं जगले. नमाज एक चुकवली नाही, थट्टा एक केली नाही. गेले तेव्हा जनाज्याला मोठी गर्दी होती, मौलवी ओक्साबोक्शी रडले. त्या रडण्याचा मला आजही राग येतो.

पण मला ते आठवतात ते दिघीहून परतताना. होडीत पुढच्या बाजूला बसले होते, कबरीची माती हातांना तशीच. त्यांनी मला विचारलं, "सूनबाय, कशी दिसत व्हती?"

तिची नुसती हाडं राहिली होती. मी म्हटलं, "चांगली दिसत होती चाचा. शांत."

त्यांनी मान हलवली. आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाले, "कुराड मारायला पायजे व्हती गं."